दोष कोणाचा?



राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' हे नाटक आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल, काहींनी पाहिलेही असेल. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी वारले आणि महिन्याभरातच, २० फेब्रुवारीस, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास त्याचा पहिला प्रयोग केला. शंभर वर्षे उलटली, तरी त्याचा शेवट आजही मन सुन्न करतो. सुधाकराच्या दारूपायी बाळ जाते, सिंधू जाते आणि अखेर तो स्वतः विष घेतो. पडदा पडला की एकच प्रश्न उरतो : दोष कोणाचा?

बहुतेक जण तळीरामाकडे बोट दाखवितात. पहिला प्याला त्याने पुढे केला, हे खरेच. पण तो ओठांना लावणारा हात सुधाकराचा होता. ॲरिस्टॉटल म्हणतो की, नशेत केलेल्या अपराधाची जबाबदारी टळत नाही. कारण नशा न करणे त्या माणसाच्याच हाती होते. ख्रिस्तसभाही हे नाकारीत नाही. मात्र जडलेल्या सवयीमुळे दोषाचा भार हलका होऊ शकतो, असेही ती शिकविते. म्हणून सुधाकराला निर्दोष म्हणता येत नाही आणि राक्षसही म्हणता येत नाही.

शोकांतिकेतील नायकाच्या चुकीला ॲरिस्टॉटलने 'हमार्तिया' हा शब्द वापरला. नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत पापासाठी हाच शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ नेम चुकणे. मग नेम केवळ सुधाकराचाच चुकला काय? तो मध्यंतरी दारू सोडतो, काम मागत फिरतो. ओळखीची माणसे त्याला झिडकारतात आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. त्या माणसांना कोणी दोष देत नाही. कारण, बंधू-भगिनींनो, ती माणसे म्हणजे आपण.

आणि सिंधू? नवऱ्याला वाचविण्यासाठी ती मरतानाही फौजदारापासून सत्य लपविते. तिचा दोष आम्ही मानीत नाही. दोष आहे तो तिच्या सोसण्याचे नुसते कौतुक करणाऱ्यांचा.

त्यांत आम्हीही आहोत. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, एक भगिनी कपाळावरची जखम पदराने झाकून आमच्या कार्यालयात आली. 'मोरीत पाय घसरला, फादर,' म्हणाली. आम्ही ओळखले, पण विचारले नाही. 'प्रार्थना कर, धीर धर,' एवढे सांगून तिला त्याच घरी परत पाठविले. पुढे ती मुलांना घेऊन सुखरूप माहेरी गेली, ही देवाची कृपा. आमचे त्यात काही नाही.

एदेन बागेत देवाने विचारले, तेव्हा आदामाने हव्वेकडे बोट दाखविले, हव्वेने सर्पाकडे. बोट दाखविण्याचा हा रोग तेव्हापासूनचा आहे. मिस्साच्या आरंभी मात्र आपण छातीवर हात मारतो तो स्वतःच्या, शेजाऱ्याच्या नव्हे! आणि जे केले त्याबरोबर जे करावयाचे राहिले, त्याचीही कबुली देतो.

आपल्या शुक्रवार पेठेत भिंतीला भिंत लागून घरे आहेत. रात्री पलीकडचा आरडाओरडा ऐकू येतो आणि आपण टीव्हीचा आवाज वाढवितो. या आठवड्यात तसे करू नका. चार जण मिळून दार ठोठवा. मार खाणाऱ्या भगिनीला व लेकरांना आधी सुरक्षित जागा द्या, गरज पडल्यास पोलिसांना बोलवा. क्षमेच्या गोष्टी नंतर. दारू सोडू पाहणारा कोणी दारी आला तर त्याला टोमणा मारू नका, त्याच्यासोबत व्यसनमुक्ती केंद्रात जा, जमल्यास काम द्या. आणि ज्या घरात आज सिंधू राहते, तिने आमच्याकडे यावे. या वेळी आम्ही नीट विचारू.

नाटकाचा शेवट गडकऱ्यांनी लिहून ठेवला आहे. तो बदलणार नाही. आपल्या शेजारच्या घराचा शेवट अजून लिहिला गेलेला नाही. तो बदलण्याचे धैर्य प्रभू आपणा सर्वांना देवो. आमेन.

– आपले धर्मगुरू