समाधान कोणाचे?

सत्य सांगणे आणि ते ज्याच्या उपयोगाचे त्याला कळेल असे सांगणे, ही दोन कर्तव्ये की एकच? नीतिविचारातला हा जुना प्रश्न हवेच्या मोजमापाने आपल्या दाराशी आणून ठेवला आहे.

गोव्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ म्हापसा, डिचोली, तुये अशा ठिकाणची हवा मोजत आले आहे. हस्तचालित पद्धत साधी आहे. यंत्र हवा ओढून घेते, तिच्यातील धूळ गाळणकागदावर बसते, आणि कागदाच्या वाढलेल्या वजनावरून घनमीटरभर हवेत किती मायक्रोग्रॅम धूळ होती ते काढतात. राष्ट्रीय कार्यक्रमानुसार हे आठवड्यातून दोनदा, म्हणजे वर्षाकाठी १०४ दिवस करावयाचे. हाती येते ती चोवीस तासांची सरासरी. ती खोटी नसते. परंतु सरासरी हवेत श्वास कोणीच घेत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात रस्त्याकडेला बसलेली विक्रेती त्या घटकेची हवा घेते. २०१२ साली खाणी बंद होण्यापूर्वी डिचोलीत खनिजवाहू ट्रकांची तांबडी धूळ रस्त्यालगतच्या घरांत जेवढी शिरे, तेवढी आतल्या वाड्यांत शिरत नसे.

आकड्यापाठोपाठ शब्द येतो. २०१५ पासून देशात हवा गुणवत्ता निर्देशांक जाहीर होतो. आठ प्रदूषकांपैकी ज्याचा उपनिर्देशांक सर्वाधिक, तोच एकूण निर्देशांक धरतात. चांगल्याच्या आड वाईट लपू नये, ही त्यामागची दृष्टी मोलाची आहे. मात्र दहा मायक्रॉनपर्यंतचे धूलिकण शंभर मायक्रोग्रॅम भरले, तरी हवेला ‘समाधानकारक’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली चोवीस तासांची मर्यादा ४५ आहे. शिवाय, संवेदनशील व्यक्तींना श्वसनाचा किंचित त्रास संभवतो, अशी सूचना त्या श्रेणीसोबतच दिलेली असते. मग हे समाधान कोणाचे? दमेकऱ्याचे तर नव्हे.

यावर कोणी म्हणेल की, मर्यादा पाळता येण्याजोगी हवी. जी कोठेच पाळली जाणार नाही, तिचा धाक उरत नाही. हे म्हणणे रास्त आहे. शक्याशक्यतेचा विचार करून मर्यादा ठरवण्यात गैर काही नाही. गैर आहे ते जेवढे शक्य तेवढ्यालाच समाधानकारक म्हणण्यात. पहिला कारभाराचा निर्णय आहे, दुसरे प्रकृतीविषयीचे विधान. एकाचे वजन दुसऱ्याच्या तागडीत टाकले, की आकडा खरा राहूनही ऐकणारा फसतो.

२०२४ पासून डिचोलीत खाणकाम पुन्हा सुरू झाले आहे. अशा वेळी हवा किती मोजली एवढेच विचारून भागणार नाही. कोणत्या रस्त्याची, कोणत्या प्रहराची आणि कोणाच्या छातीसाठी मोजली, हेही विचारले पाहिजे. सर्वांत दुर्बळ श्वासाला जे कळले, तेवढेच खऱ्या अर्थाने सांगितले गेले.