कुलूप काढल्यावर

शारजात रोलाच्या बाजारात किंवा दुबईत देऱ्याला चक्कर मारली, तर मोबाईलच्या दुकानांत एक शब्द हटकून कानावर पडतो : 'अनलॉक्ड'. दुकानदार तो अशा थाटात उच्चारतो की फोनने जणू एखादी मोठी परीक्षा पास केली आहे. कुठलेही सिम घाला, कुठल्याही देशात न्या, फोन चालणारच! आपण आखातातली मंडळी या एका शब्दावर भरवसा ठेवून कित्येक वर्षे गावाकडे फोन नेत आलो आहोत. एक वडिलांना, एक मेहुण्याला आणि एक 'असू दे, कोणीतरी मागेलच' म्हणून. या लेखात मला फोनपेक्षा त्या शब्दाची थोडी झाडाझडती घ्यायची आहे.

मराठीत 'सुटणे' हे मोठे गमतीदार क्रियापद आहे. कैदी सुटतो तेव्हा आपण पेढे वाटतो, आणि नोकरी सुटते तेव्हा घरात चूल मंद होते. गाठ सुटली तर बरे वाटते, पण हात सुटला तर लेकरू जत्रेत हरवते. एकाच शब्दात सुटकाही आहे आणि निराधारपणाही. 'अनलॉक्ड' म्हणजे कुलूप सुटलेला फोन. तो यातल्या कोणत्या अर्थाने सुटलेला असतो?

आधी हे कुलूप आले कुठून ते पाहू. पुष्कळ देशांत टेलिफोन कंपनी ग्राहकाला फोन स्वस्तात देते आणि बदल्यात दोन वर्षे आपल्याच सेवेशी बांधून ठेवते. फोनला दुसऱ्या कंपनीचे सिम चालू नये म्हणून आत एक सांकेतिक कुलूप असते. आपल्याकडे २००३ साली ५०१ रुपये भरून घरोघरी आलेले रिलायन्सचे फोन आठवा. बहुतेकांत सिमकार्डच नसे, नंबर फोनमध्येच भरलेला. पावसाळ्यात छत्री वाटावी तसे ते फोन वाटले गेले, पण ती छत्री एकाच आभाळाखाली उघडायची!

यात निदान देवघेव तरी होती. अमेरिकेत २९ जून २००७ रोजी पहिला आयफोन आला, तेव्हा मात्र गंमत झाली. किंमत ४९९ आणि ५९९ डॉलर, म्हणजे सवलत कसलीच नाही, तरीही फोन एटी अँड टी या एकाच कंपनीला बांधलेला. दोनच महिन्यांत न्यू जर्सीतल्या जॉर्ज हॉट्झ या सतरा वर्षांच्या मुलाने ते कुलूप काढून दाखवले. तो फोन त्याने एका व्यावसायिकाला दिला आणि बदल्यात एक निस्सान गाडी व तीन नवे आयफोन घेतले. पण सप्टेंबर अखेरीस कंपनीने नवी प्रणाली पाठवली आणि ती भरताच कुलूप काढलेले कित्येक फोन निव्वळ कागद दाबून ठेवण्याच्या लायकीचे उरले. पुढे जानेवारी २०१३ पासून अमेरिकेत नवा फोन कंपनीच्या परवानगीशिवाय असा मोकळा करणे बेकायदा ठरले. लोकांनी आवाज उठवला आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामांनी सही करून तो हक्क ग्राहकाला परत दिला. पैसे मोजलेली वस्तू आपली की विकणाऱ्याची, हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न अशा रीतीने कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसला.

भारतात आयफोन अधिकृतपणे आला २२ ऑगस्ट २००८ रोजी. त्याआधी ज्यांच्या हातात तो दिसला, त्यांचा फोन बाहेरूनच आलेला, कुलूप काढलेला. तेव्हापासून आजवर हा प्रवाह थांबलेला नाही. एका देशासाठी बनलेला फोन दुसऱ्या देशात विकला जातो आणि तिसऱ्या देशात वापरला जातो.

आणि मग सुरू होतात रोजच्या बारीकसारीक अडचणी. त्या इतक्या क्षुल्लक असतात की तक्रार करायलाही लाज वाटावी. इथल्या चार्जरला तीन चौकोनी दांडे, गावाकडच्या भिंतीत गोल भोके. म्हणजे फोनबरोबर एक जोडपिन हवीच, आणि ती पहिल्या आठवड्यातच हरवते. एके काळी इथून नेलेल्या नोकियाच्या बटणांवर अरबी अक्षरे असत. आजी विचारायची, 'हे उलटं लिहिलंय का रे?' २०१० च्या आसपासच्या कित्येक स्मार्टफोनांवर देवनागरीच्या जागी रिकामे चौकोन दिसत. मुलीने 'बाबा, पास झाले' असे लिहिले तरी बापाला चार खिडक्या दिसायच्या! अमेरिकेसाठी बनलेले काही जुने फोन ज्या लहरींवर चालत, त्या लहरी आपल्याकडे नव्हत्याच. जपानसाठी बनलेल्या फोनांत फोटो काढताना होणारा आवाज वर्षानुवर्षे बंद करता येत नसे, मग देवळात असा की मयताला. अमिरातीत विकल्या गेलेल्या आयफोनांत 'फेसटाइम' कित्येक वर्षे नव्हते, फोन भारतात नेला तरी नसे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या काही फोनांत २०२२ पासून सिमकार्डाची खाचच नाही, आणि २०२५ पासून अमिरातीतल्याही काही नव्या फोनांत ती राहिलेली नाही. फोन बंद पडला तर सिम काढून जुन्या फोनमध्ये घालू, ही आपली पिढीजात युक्ती तिथे चालत नाही. आणि सर्वांत शेवटी वॉरंटी. पुष्कळदा ती ज्या देशात फोन विकला गेला, त्या देशापुरतीच.

म्हणजे कुलूप एकच निघाले. त्यामागची लहान लहान कुलपे तशीच राहिली, आणि ती कुलपे आहेत हे दुकानाच्या काचेवर लिहिलेले नसते.

माझी नोकरी हमरिया फ्री झोनमधल्या एका कंपनीच्या स्टोअर्समध्ये आहे. 'मुक्त' या शब्दाशी माझा रोजचाच संबंध. शारजा सरकारने १९९५ साली वसवलेला हा मुक्त विभाग अजमानच्या पुढे, किनाऱ्याला लागून आहे. त्याला स्वतःचे बंदर आहे. पोलाद, लाकूड, तेलविहिरींचे सांगाडे, रसायने, काय काय येथे उतरते. बाहेरून येणाऱ्या मालावर इथे जकात नाही. पण नवख्या माणसाला वाटते तसा हा मोकाट कारभार मुळीच नाही. तोच माल फाटकाबाहेर पडून स्थानिक बाजारात निघाला की साधारणपणे पाच टक्के जकात लागते. आणि आत असो वा बाहेर, प्रत्येक नगाचा कागद असतो : माल कोणाचा, आला कुठून, चालला कुठे, कर कोण भरणार. कागद पुरा नसेल तर ट्रक फाटकाशी उभा. जकातमुक्त मालाच्या मागे कोणाचे ना कोणाचे नाव लिहिलेले असतेच. इतक्या वर्षांत मी एवढे शिकलो, की मोकळीक आणि बेवारसपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यात फरक असतो तो एका नावाचा.

आपण गावी पाठवलेल्या फोनच्या मागे कोणाचे नाव असते?

आमच्या शेजारच्या वर्कशॉपमध्ये रत्नागिरी जिल्ह्यातले एक वेल्डर आहेत. त्यांनी वडिलांसाठी एक उत्तम, परदेशी बाजारासाठी बनलेला, कुलूप नसलेला फोन नेऊन दिला. वडील निवृत्त शिक्षक, पेन्शन बँकेत, बँकेचा ओटीपी त्या फोनवर. काही महिन्यांनी म्हातारबुवांचे कॉल शेजाऱ्यांच्या फोनवरून येऊ लागले. 'घरात रेंज मिळत नाही रे,' असे ते सांगत. मुलगा सुट्टीवर गेला तेव्हा फोन कपाटात सापडला, रुमालात गुंडाळून, मूळ खोक्यात ठेवलेला. पडदा फुटला होता. तालुक्याच्या दुकानाने जिल्ह्याला पाठवले, जिल्ह्याच्या सेवाकेंद्राने 'हे मॉडेल इथले नाही' म्हणून परत दिले. दोन महिने ते गृहस्थ पेन्शन काढायला स्वतः बँकेत जाऊन रांगेत उभे राहत होते. मुलाने विचारले, 'मला सांगितलं का नाहीत?' त्यावर ते म्हणाले, 'एवढ्या हौसेनं आणलास. मोडला म्हणून कुठल्या तोंडानं सांगू?'

ही हकिकत आमच्या मेसमध्ये सांगितली गेली तेव्हा दोन तट पडले. एकाचे म्हणणे, दिलेली वस्तू घेणाऱ्याची. ती सांभाळणे त्याचे काम. देणाऱ्याने जन्मभर मागे फिरायचे असेल तर कोणी काही देणारच नाही. दुसऱ्याचे म्हणणे, त्यापेक्षा तिकडेच बारा हजारांचा फोन घेऊन द्यावा, दुरुस्तीला गल्लीत माणूस तरी मिळतो. तिसरा एक फिटर, फारसा न बोलणारा, ताटावरून उठता उठता म्हणाला, 'कुलपातला फोन कंपनीचा असतो. मोडायचाच असेल तर आपला मोडू दे.'

या फिटरचे म्हणणे मला सहजासहजी बाजूला सारता येत नाही. बांधलेपण सोयीचे असते म्हणून ते चांगले ठरत नाही. कुलपामागची कंपनी काळजी घेते ती बिल भरले जाते तोवर, आणि तिच्या काळजीची किंमत आपल्या निवडीतून वसूल होते. वापरलेले मोकळे फोन नसते, तर लेबर कॅम्पातल्या कित्येकांना पोराचा चेहरा पडद्यावर बघायला आणखी काही वर्षे थांबावे लागले असते. तेव्हा मला कुलूप परत नको आहे. पण बांधणारा जेव्हा बांधतो, तेव्हा निदान तक्रार कुठे न्यायची याचा पत्ता देतो. दोर कापला की तो पत्ताही जातो. मग पत्ता कोणी व्हायचे? माझ्या मते, ज्याने दोर कापून वस्तू दुसऱ्याच्या हाती दिली, त्याने. निदान घेणारा ती स्वतः पेलू शकेपर्यंत तरी.

आपण आखाती लोकांनी हे समजणे अवघड नाही. माणसाची तुलना फोनशी करू नये, पण एक गोष्ट आपण सगळेच जाणतो. आपला व्हिसा नोकरीशी जोडलेला असतो. ते बंधन टोचते. आणि नोकरी 'सुटली' की त्याच बंधनाबरोबर खोली, विमा, मेसचे ताट, सगळेच एकदम सुटते. २०२१ च्या अमिरातीच्या कामगार कायद्यात, जो फेब्रुवारी २०२२ पासून अमलात आला, दोन्ही बाजूंचा विचार दिसतो. मालकाने कामगाराचा पासपोर्ट अडकवून ठेवायचा नाही. आणि करार संपल्यावर कामगार दुसरीकडे रुजू झाला नसेल, तर त्याला मायदेशी पोहोचवण्याचा खर्चही सर्वसाधारणपणे मालकाचाच. म्हणजे माणसाला मोकळे सोडायचे, पण वाऱ्यावर सोडायचे नाही. ज्या शहाण्यांनी हे लिहिले, त्यांना 'सुटणे' या मराठी शब्दाचे दोन्ही अर्थ कोणी समजावले असतील असे नाही, पण त्यांना ते कळले होते.

आपली मंडळेही दुसरे काय करतात? गणपती, कोजागरी, नाटक हे तर आहेच. पण नव्याने आलेल्या, कोणाशीच न जोडलेल्या माणसाला 'अडचण आली तर इथे फोन कर' असे सांगणारे एक नाव देणे, हे मंडळाचे मूळ काम. गावापासून सुटलेल्या माणसांचा तो पत्ता.

तेव्हा मित्रहो, पुढच्या खेपेला फोन न्याल तेव्हा जरूर न्या. हौसेला मोल नसते. फक्त खोक्यात तीन गोष्टी जास्तीच्या ठेवा. एक, गोल दांड्यांचा चार्जर. दोन, एक साधा बटणांचा फोन, तिकडचे सिम घालून चालू केलेला. तीन, एका कागदावर ठळक मराठीत लिहिलेले त्या जवळच्या माणसाचे नाव, ज्याला तुम्ही आधीच भेटून, हात जोडून सांगितले आहे की, 'काही बिघडलं तर बघा हं, पैसे मी देईन.'

आणि फोनवर बोलताना आपण नेहमी विचारतो, 'चालतोय ना नीट?' त्याचे उत्तर ठरलेले असते, 'हो, झकास!' म्हाताऱ्या माणसांना लेकराचे मन मोडणे जमत नाही. त्याऐवजी एकदा असे विचारून पाहा : 'त्यात काय काय चालत नाही?' सुरुवातीला ते 'काही नाही रे' म्हणतील. थोडे थांबा. मग एकेक गोष्ट निघेल. अक्षरे बारीक दिसतात, आवाज मोठा होत नाही, मधेच इंग्रजीत काहीतरी विचारतो. पुष्कळदा यातले निम्मे फोनचे असते. उरलेले निम्मे गुडघ्याचे, डोळ्यांचे, आणि तिन्हीसांजेला लवकर खायला उठणाऱ्या घराचे असते. तेही ऐकून घ्यावे.