वाटेवरचा माल आणि अचौर्याचे व्रत

चोरी कशाला म्हणावे, या प्रश्नाचे उत्तर भारतीय आचारविचारात बहुधा घेणाऱ्याकडे पाहून दिलेले आढळते. जैन परंपरेत चोरी म्हणजे अदत्तादान, अर्थात न दिलेली वस्तू घेणे, आणि योगसूत्रांवरील व्यासभाष्यानुसार अस्तेय म्हणजे परक्याच्या द्रव्याविषयी मनात स्पृहाच नसणे. मालवाहतुकीला मात्र यांपैकी पहिली व्याख्या नीट बसत नाही, कारण ट्रकचालकाच्या हातातला माल त्याला रीतसर दिलेला असतो आणि तरीही तो त्याचा नसतो. वाशीम जिल्ह्यातील कारंजा येथे वीस टन सोयाबीन भरून, वर ताडपत्री टाकून दोर आवळले आणि बिल्टी, म्हणजे मालाचे वर्णन, नग, वजन व पाठवणारा-घेणारा यांची नोंद असलेली वाहतुकीची पावती, चालकाच्या खिशात गेली, की माल उतरेपर्यंत मालकी एकाची आणि ताबा दुसऱ्याचा अशी स्थिती निर्माण होते. धर्मशास्त्रकारांनी विश्वासाने दुसऱ्याच्या हवाली केलेल्या वस्तूला निक्षेप म्हटले व तिचे नियम वेगळे सांगितले. वाटेवरचा माल हा एका अर्थी चालता निक्षेपच होय.

या निक्षेपाच्या रक्षणासाठी आज जे उपाय योजले जातात, त्यांचा रोख जवळजवळ पूर्णपणे चालकावर असतो. गाडी कुठे आहे आणि किती वेळ थांबली हे जीपीएस सांगते, फास्टॅगमुळे टोलनाक्यावरची वेळ नोंदली जाते, बंद गाडीच्या दाराला क्रमांकाचे सील लावले जाते, आणि अनोळखी ढाब्यावर मुक्काम करू नये, मालाविषयी कोणाशी बोलू नये, अशा सूचना दिल्या जातात. ज्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर 2022 मध्ये खुला झाला, तो समृद्धी महामार्ग वाशीम जिल्ह्यातून जातो आणि त्यावर ठरावीक ठिकाणीच चढता-उतरता येत असल्याने गाडी आडवाटेला नेणे तुलनेने अवघड झाले आहे. येथे एक जुना तात्त्विक प्रश्न नव्या रूपात उभा राहतो: ज्याला चोरी करणे शक्यच ठेवलेले नाही, त्याने चोरी केली नाही यात त्याचे अचौर्य किती?

व्यासभाष्याची कसोटी लावली तर उत्तर सरळ आहे. सील हाताला अडवते, स्पृहेला अडवत नाही; म्हणून पहाऱ्याने स्तेय टळते, पण अस्तेय सिद्ध होत नाही. तथापि एवढ्यावरून पहारा हा सद्गुणाचा शत्रू ठरवणे घाईचे होईल, कारण पहाऱ्याचे दुसरे एक काम आहे व ते नैतिकदृष्ट्या अधिक मोलाचे आहे: निरपराध माणसाला संशयातून सोडवणे. या कामात आजची व्यवस्था कुठे कमी पडते, हे सोयाबीनच्याच उदाहरणाने पाहता येते. वीस टन सोयाबीनमध्ये भरताना 12 टक्के ओलावा असेल आणि वाटेतल्या उन्हावाऱ्याने तो साडेअकरा टक्क्यांवर आला, तर उतरवताना सुमारे 113 किलो वजन कमी भरते, म्हणजे पन्नास-पन्नास किलोचे दोन कट्टे भरून वर काही उरेल इतके. कोणी हातही न लावता ही घट येते आणि अनेकदा चालकाच्या भाड्यातून किंवा पगारातून ती कापली जाते. उलट एखाद्याने वाटेत खरोखरच दोन कट्टे उतरवले व उरलेल्या मालावर शंभर लिटर पाणी मारले, तर काटा पूर्ण वीस टन दाखवतो आणि मालातील सरासरी ओलावा साडेबारा टक्क्यांच्याही आत राहतो. केवळ वजनकाट्यावर विसंबणारी व्यवस्था अशा रीतीने प्रामाणिक माणसाला चोर आणि चोराला प्रामाणिक ठरवू शकते. दोन्ही टोकांना वजनाबरोबर ओलाव्याचीही नोंद बिल्टीवर झाली, तर हा अन्याय बराचसा टळेल. हा खर्चाचा प्रश्न फारसा नाही, कारण ओलावामापक यंत्र खरेदीच्या वेळी शेतकऱ्याचा भाव पाडायला तत्परतेने पुढे येतेच.

वाहणाऱ्यावर संशय घेण्याची ही सवय या प्रदेशाला नवी नाही. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे देशभरातील बंजारा समाजाचे श्रद्धास्थान आहे, आणि बंजारे हे रेल्वे येण्यापूर्वीच्या दख्खनचे मोठे वाहतूकदार होते: हजारो बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून त्यांचे तांडे चालत, मोगल फौजांपासून 1803 च्या इंग्रज-मराठा युद्धातील वेलस्लीच्या इंग्रज सैन्यापर्यंत अनेकांची रसद त्यांच्यावर अवलंबून असे. ज्यांच्या भरवशावर सैन्ये उपाशी राहिली नाहीत, त्यांचा धंदा रेल्वेने व पक्क्या रस्त्यांनी बुडवला, आणि 1871 पासूनच्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यांनी ज्या भटक्या समाजांवर जन्मजात चोरीचा शिक्का मारण्याची सोय केली, त्यांत बंजाऱ्यांचेही काही गट ओढले गेले. हे कायदे ऑगस्ट 1952 अखेर रद्द झाले. महाराष्ट्रात बंजारा समाज आजही विमुक्त जातींच्या यादीत आहे. चोरी हे कृत्य आहे, स्वभाव किंवा जात नव्हे, हा साधा विवेक तेव्हाच्या राज्यकर्त्यांना सुचला नाही, आणि आज एखाद्या चालकाला त्याच्या गावावरून किंवा समाजावरून कामावर घ्यायचे नाकारणाऱ्यालाही तो सुचलेला नसतो.

या एकांगी दृष्टीवर उतारा शोधायचा तर जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही. कारंजा हे मूलसंघाचा बलात्कारगण, सेनगण आणि काष्ठासंघ या दिगंबर जैन परंपरांचे जुने केंद्र असून तेथील हस्तलिखित भांडारांतून अपभ्रंश भाषेतील ग्रंथ हिरालाल जैन यांनी विसाव्या शतकात प्रकाशात आणले. ज्या व्यापारी समाजाने ही भांडारे जपली, त्याच्यासमोर गृहस्थाच्या अचौर्यव्रताचे जे विवेचन होते, ते वाहतुकीच्या धंद्याला थक्क करण्याइतके जवळचे आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात या व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. अतिचार म्हणजे व्रत उघड मोडत नाही, पण त्याला डाग लागतो असे वर्तन. पहिला स्तेनप्रयोग, म्हणजे स्वतः न चोरता दुसऱ्याला चोरीस प्रवृत्त करणे वा मदत करणे. दुसरा तदाहृतादान, म्हणजे चोराने आणलेली वस्तू घेणे. तिसरा विरुद्धराज्यातिक्रम, ज्याचा अर्थ राज्याने घातलेले व्यापाराचे निर्बंध ओलांडणे असा केला जातो. चौथा हीनाधिकमानोन्मान, म्हणजे घेताना जड व देताना हलके माप वापरणे. आणि पाचवा प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे अस्सल मालात तशाच दिसणाऱ्या हलक्या मालाची भेसळ करणे.

या पाचांतला एकही अतिचार रात्री ताडपत्रीचा दोर सोडणाऱ्या माणसाविषयी नाही. त्याचे कृत्य ही उघड चोरी आहे व ती व्रताच्या मूळ शब्दांतच निषिद्ध आहे. सूत्रकाराला सावध करायचे आहे ते दुकानात गादीवर बसलेल्या सभ्य गृहस्थाला. बिल्टीशिवाय, निम्म्या भावात, 'कुठून आला' हे न विचारता माल उतरवून घेणारा. भेसळीसाठी माती चाळून ठेवणारा. ठरावीक किमतीवरील मालाला लागणारे ई-वे बिल चुकवण्यासाठी मालाची किंमत कमी दाखवणारा आणि मग चोरी झाली की खरी किंमत सांगता येत नाही म्हणून तक्रारच न करणारा, हे सगळे या सूत्राच्या कक्षेत येतात. क्षमतेपेक्षा जास्त माल लादायला लावणारा, वाटेतला खर्च पुरणार नाही इतकाच भत्ता देणारा आणि चालक 'काहीतरी करून' भागवेल हे मनोमन जाणणारा गाडीमालक स्तेनप्रयोगापासून किती दूर आहे, याचा विचार टीकाकारांनी केलेला नसला, तरी सूत्राच्या आशयाला तो परका नाही. चोरलेले सोयाबीन चालक घरी शिजवून खात नाही. ते कोणाच्या तरी काट्यावर पुन्हा मोजले जाते.

जुन्या राजनीतीलाही जबाबदारी अशी वाटून देण्याचे भान होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सार्थाने, म्हणजे व्यापाऱ्यांच्या तांड्याने, गावात मुक्काम करताना आपल्याजवळील मालाचे मोल आधी सांगावे असे म्हटले आहे. रात्री गावाबाहेर न गेलेला माल चोरीस गेला तर गावच्या मुख्याने तो भरून द्यावा, आणि दोन गावांच्या मधल्या रानात गेला तर कुरणांवरच्या अधिकाऱ्याने, असा नियम तेथे आहे; म्हणजे ज्याच्या हद्दीत रस्ता सुरक्षित नाही, त्याला हात झटकता येत नाहीत. याज्ञवल्क्यस्मृती वाहकाला हरवलेल्या मालाची भरपाई करायला लावते, पण राजा व दैव यांमुळे झालेली हानी त्यातून वगळते. 2007 चा रस्ते मालवाहतूक कायदा, ज्याने 1865 चा कायदा बाजूला सारला, जवळपास त्याच वळणाने जातो: दैवी आपत्ती, युद्ध, दंगल, कायदेशीर जप्ती किंवा सरकारी आदेश ही कारणे सोडून मालाच्या हानीला वाहतूकदार जबाबदार आहे, आणि चोरी या अपवादांत नाही. भरपाईची ही जबाबदारी कायद्याने वाहतूकदार संस्थेवर टाकली आहे. ती पगारकपातीच्या वाटेने चालकावर उतरते, तेव्हा सर्वांत कमी कमाईचा माणूस सर्वांत मोठा विमाकर्ता बनतो.

फौजदारी कायद्यात हाच तोल वेगळ्या बाजूला झुकतो. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत वाहकाने केलेल्या विश्वासघाताला सात वर्षांपर्यंत कैद आहे, तर चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्याला, तो सराईत नसेल तर, तीन वर्षांपर्यंत. वाहकाला अधिक शिक्षा का, याचे समर्थन करता येते: मालक डोळ्यांआड असताना ज्याच्यावर भिस्त ठेवली, त्याने ती मोडणे हे अनोळख्याच्या चोरीपेक्षा जास्त घातक आहे. परंतु सराईत नसलेला खरेदीदार हा एकदाच घेणारा असतो असे मानण्याला बाजारात फारसा आधार नाही. तो बहुधा एकदाच सापडलेला असतो. कारंज्याच्या श्रावकाला, म्हणजे जैन गृहस्थाला, तदाहृतादानाचा दोष पहिल्याच कट्ट्यापासून लागत होता, आणि तो सिद्ध करण्यासाठी पोलीस पंचनाम्याची गरज नव्हती, कारण भाव ऐकताच त्याला सगळे कळलेले असे.