मौनाची किंमत

खोटे न बोलता लबाडी करता येते का, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या वर्गात सोपा वाटतो. बाजारात उभे राहिले म्हणजे तो अवघड होतो. गेल्या उन्हाळ्यात अमरावतीत एका जुन्या यंत्राच्या निमित्ताने तो आमच्यापुढे आला आणि उत्तर देण्यात आम्ही प्रथम चुकलो, हे आरंभीच सांगून टाकतो.

सातपुड्यात, सुमारे अकराशे मीटर उंचीवर वसलेल्या आमच्या चिखलदऱ्यात कॉफी पिकते, हे वऱ्हाडाबाहेर फारसे कोणास ठाऊक नसते. तिथले भाजलेले बी एका स्नेह्यांकडून आम्हांस अधूनमधून मिळते. घरच्या मिक्सरचे पाते ते दळत नाही, तोडते. थोडे पीठ, थोडा रवा अशी त्याची गत होते. साध्या कॉफीला ते चालून जाते, एस्प्रेसोला चालत नाही. तिच्यात सुमारे नऊ बार दाबाचे गरम पाणी पंचवीस-तीस सेकंदांत पुडीतून काढायचे असते. पूड जाड असली तर पाणी धावत निघून जाते व कॉफी आंबट, पाणचट उतरते. फार बारीक असली तर पाणी अडते आणि कडवटपणा येतो. म्हणून उपाहारगृहांत दळण्याचे वेगळे यंत्र ठेवतात. जात्याच्या दोन दगडांप्रमाणे त्यात दोन दातेरी पोलादी चकत्या असतात व त्यांच्यातील अंतर कमीजास्त करता येते.

शहरातील एक लहानसे कॉफीचे दुकान बंद पडले होते. चालवणारा तरुण नोकरीसाठी पुण्यास गेला. सामान विकण्याचे काम वडिलांवर आले. त्या सामानात असे एक इटालियन बनावटीचे यंत्र होते. नवे घ्यायचे तर किंमत लाखाच्या आसपास जाते, हे आम्हांस माहीत होते. वडील म्हणाले, "फादर, ह्या यंत्रातलं मले काई समजत नाई. भंगारवाला किलोच्या भावानं मांगत व्हता. तुमी दोन हजार द्या. बराबर हाये ना?" आम्ही नुसते हसलो, पैसे दिले व यंत्र घेऊन आलो.

मनाची समजूत घालण्यास कायदा हाताशी होता. भारतीय करार कायदा, १८७२, याच्या सतराव्या कलमाखालील स्पष्टीकरण सांगते की निव्वळ मौन म्हणजे कपट नव्हे. उदाहरण घोड्याचे आहे: लिलावात घोडा विकणाऱ्यास त्यातील दोष ठाऊक असूनही तो गप्प राहिला, तर ते कपट ठरत नाही. मग घेणाऱ्याने गप्प राहण्यात काय वावगे? किंमत तर त्यांनीच सांगितली होती. पण त्याच कलमाखाली आणखी एक उदाहरण आहे. घेणारा म्हणतो, तुम्ही नाकारले नाही तर घोडा धडधाकट आहे असे मी समजेन. आणि विकणारा गप्प राहतो. इथे मौन हे बोलण्याइतकेच ठरते. "बराबर हाये ना?" हा प्रश्न आमच्या कानांत घुमत राहिला तो यामुळेच.

योगायोग असा की संत थॉमस अक्वायनस यांच्या ग्रंथातही या प्रकरणी घोडा येतो. तेराव्या शतकातील या आचार्यांनी क्रयविक्रयातील फसवणुकीवर स्वतंत्र विवेचन केले आहे. दोष उघड असेल, म्हणजे घोडा एकाक्ष असेल, आणि विकणाऱ्याने किंमत योग्य प्रमाणात उतरवली असेल, तर तो बोलून दाखवलाच पाहिजे असे नाही. दोष लपलेला असेल तर सांगणे बंधनकारक आहे. घेणाराही यातून सुटत नाही. विकणारा सोने पितळ समजून देत असेल व घेणाऱ्यास ते कळत असेल, तर तो व्यवहार अन्याय्य आहे आणि भरपाई केली पाहिजे.

यावर एक आक्षेप संभवतो. ज्ञान हेही श्रमाने मिळते. ज्याने ते मिळवले त्याने लाभ घेऊ नये काय? अक्वायनस यांनी ही बाजूही पाहिली आहे. धान्य घेऊन आलेल्या व्यापाऱ्यास मागून आणखी धान्य येत असल्याचे ठाऊक असेल, तर ते सांगण्यास तो न्यायाने बांधलेला नाही. सांगितले तर तो अधिक थोर. म्हणजे उद्याच्या भावाचा अंदाज ही एक गोष्ट आणि समोरची वस्तू मुळात काय आहे हे ज्ञान ही दुसरी. आम्ही बाजाराचा अंदाज बांधला नव्हता. समोरचा माणूस यंत्र लोखंड म्हणून देत होता आणि आम्ही ते यंत्र म्हणून घेत होतो.

संत ऑगस्टिन यांनी त्रैक्यावरील ग्रंथाच्या तेराव्या भागात एका नटाची गोष्ट दिली आहे. प्रेक्षकांच्या मनातले ओळखतो असे सांगून तो म्हणाला की तुम्हा सर्वांना स्वस्तात घ्यायचे व महाग विकायचे आहे. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. ऑगस्टिन मात्र सांगतात, त्यांच्या माहितीतील एका गृहस्थाकडे कोणी एक हस्तलिखित विकावयास आणले. विकणाऱ्यास मोल कळत नव्हते, त्याने फारच थोडे मागितले, तरी त्या गृहस्थाने योग्य ती किंमत दिली. आम्ही टाळ्या वाजवणाऱ्यांत होतो.

तिसऱ्या दिवशी आम्ही परत गेलो व खरे काय ते सांगितले. वडिलांनी मुलास फोन लावला. तो क्षणभर थांबला आणि मग त्याने आपण होऊन सांगितले की चकत्यांचे दात बोथट झाले आहेत, त्या बदलाव्या लागतील. शिवाय तापल्यावर मोटार आवाज करते. हे दोष आम्हांस दिसले नव्हते. जात्याला टाकी लावता येते, या चकत्या नव्याच आणाव्या लागतात. सारे वजा जाता अठरा हजार योग्य, असे त्याने ठरवले.

अठरा हजार आम्हांस परवडणारे नव्हते. परंतु न परवडणे हे वस्तू दोन हजारांना ठेवून घेण्याचे कारण होऊ शकत नाही. शिवाय दिवसाला शंभर कप पुरवण्यासाठी घडवलेले यंत्र एका कपासाठी आम्हांस कशाला हवे होते, हा प्रश्न आम्ही स्वस्ताईच्या भरात स्वतःस विचारलाच नव्हता. यंत्र परत केले. पुढे कॉफीची आवड असलेल्या एका शिक्षक कुटुंबाने, दोष समजून घेऊन, ते अठरा हजारांस नेले.

आम्ही हाताने फिरवायची छोटी चक्की आणली आहे. एका कपाचे बी दळण्यास दोनतीन मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात त्या वडिलांचा प्रश्न कधी कधी आठवतो, आणि त्याला आता आमच्यापाशी उत्तर आहे.