हात कुणाचा जाणार?



आज एक लांबच्या देशातली गोष्ट. आइसलंडमध्ये १२२० च्या सुमारास स्नोरी स्टर्लुसन यांनी तिकडच्या देवांच्या जुन्या कथा लिहून ठेवल्या. त्यात फेनरीर नावाचा एक लांडगा आहे.

देवांनीच त्याला आपल्या घरी वाढवलं. पण तो रोज मोठा होत गेला तशी सगळ्यांना धास्ती वाटू लागली. जवळ जाऊन त्याला खाऊ घालायचा तो एकटा टीर. पुढे हा आपला घात करणार, असं भाकीतही होतं. मग देवांनी ‘तुझी ताकद बघू’ म्हणत त्याला बेड्या घातल्या. दोनदा त्याने त्या तोडल्या. तिसऱ्यांदा आणली रेशमासारखी मऊ फीत. लांडग्याला संशय आला. म्हणाला, “मला नाही तुटली तर तुम्ही सोडवाल ना? मग कुणीतरी माझ्या तोंडात हात ठेवा.” सगळे एकमेकांकडे बघू लागले. टीरने हात दिला. फीत काही तुटेना, उलट झटक्यासरशी आवळत गेली. देव हसले. टीर हसला नाही. त्याचा हात गेला होता.

चांगल्यासाठी फसवलं तर चालतं का? धोका तर खरा होता. पण खोटं कधी फुकट होत नाही. आपल्याकडे एका अर्धसत्याने धर्मराजाचा रथ जमिनीला टेकला. इथे गेला तोही खाऊ घालणाऱ्याचाच हात.

घरोघरी असंच होतं. वडिलांना ‘चार दिवस हवापालट’ सांगून वृद्धाश्रमात नेतात, मुलाला ‘फिरून येऊ’ म्हणून व्यसनमुक्ती केंद्रात. कधी खरंच दुसरा इलाज नसतो. पण हे सांगायला पुढे कुणाला करतो आपण? ज्याच्यावर त्यांचा सगळ्यात जास्त विश्वास, त्यालाच. लेकीला, नाहीतर आईला. नंतर अबोला सोसते तीच. बाकीचे ‘झालं बाई एकदाचं’ म्हणून मोकळे.

म्हणून अशी वेळ आली तर आधी स्वतःला विचारा, हात कुणाचा जाणार? माझा नसेल, तर ‘तुझ्या भल्यासाठीच’ हे शब्द माझ्या तोंडी शोभत नाहीत.

आणि घरात कुणाचा असा हात गेला असेल, तर आज त्यांच्याजवळ जरा बसा.