एका दिवसाचा अतिथी

जो दुसऱ्या तिथीपर्यंत राहत नाही तो अतिथी, अशी या शब्दाची एक फोड सांगतात. स्मृतिकारांनीही एक रात्र मुक्काम करणाऱ्यासच हे नाव दिले आहे. यजमानाने काय करावे हे आपण सर्व जाणतो: पाय धुण्यास पाणी, बसण्यास आसन, यथाशक्ति अन्न. अतिथीने काय करावे, याविषयी मात्र आपण क्वचितच बोलतो. बहुधा आपण स्वतःस नेहमी यजमानच समजत असू.

दक्षिण अटलांटिक महासागरात त्रिस्तान द कुन्हा नावाचे एक बेट आहे. मनुष्यवस्तीची सर्वांत जवळची भूमी म्हणजे सेंट हेलेना, आणि तीही सुमारे २,४०० किलोमीटर दूर. १५०६ साली हिंदुस्थानाकडे येणाऱ्या ज्या पोर्तुगीज सरदाराच्या दृष्टीस हे बेट पडले, त्याचेच नाव त्यास मिळाले. त्याच्याच ताफ्यात आल्बुकर्कही होता. पुढे १५१० साली गोव्यात त्याने काय केले, हे येथे सांगावयास नको. आज बेटावर जेमतेम अडीचशे माणसे राहतात. विमानतळ नाही. सागरसफरीची जहाजे अधूनमधून येतात, दिवसभर थांबतात आणि पुढे जातात.

किनाऱ्यावर पाऊल ठेवण्यापूर्वी प्रवाशाने आपले जोडे घासून स्वच्छ करावयाचे, खिसे व कपड्यांच्या शिवणी तपासावयाच्या, असा तेथील दंडक आहे. परदेशी गवताचे एखादे बीदेखील चिकटून येऊ नये, हा हेतू. आपण देवळाबाहेर जोडे काढतो तो भाव निराळा. तथापि उंबरठ्याशी क्षणभर थांबून आपण बरोबर काय आणले आहे हे पाहणे दोन्हीकडे आहेच.

यावर कोणी म्हणेल, मी बेटाचे वाईट चिंतिले नाही. माझ्या नकळत एक बी पडले, तर त्याचा दोष माझ्या माथी का? प्रश्न रास्त आहे. १८८२ साली ‘हेन्री बी. पॉल’ नावाचे जहाज या बेटाच्या किनाऱ्यास लागून फुटले. त्यावरचे उंदीर पोहत जमिनीवर आले. त्यांनी पिके खाल्ली, पक्ष्यांची अंडी खाल्ली, आणि त्यांचा वंश आजही तेथे नांदतो आहे. त्या कप्तानाच्या मनात पाप नव्हते. त्या बिचाऱ्यास स्वतःचे जहाजही राखता आले नाही! त्याला कोण दोष देईल? परंतु आजच्या प्रवाशाला ती हकीकत ठाऊक आहे. ज्याला ठाऊक आहे त्याने ‘नकळत’ हा शब्द उच्चारू नये, असे मला वाटते.

मग तेथे जाऊच नये काय? इतके कठोर होण्याचे कारण दिसत नाही. १८९२ साली ‘इटालिया’ नावाचे जहाज तेथेच फुटले. त्यावरील दोन खलाशी बेटावरच राहिले, तेथील मुलींशी त्यांनी विवाह केले. रेपेत्तो व लाव्हारेल्लो ही त्यांची आडनावे आजही तेथे आहेत. उंदरांना कोणी बोलावले नव्हते, तसे या दोघांनाही नव्हते.

शिवाय पाहुणेपण म्हणजे काय, हे त्या लोकांनी स्वतः भोगले आहे. ऑक्टोबर १९६१ मध्ये वस्तीलगतच ज्वालामुखी फुटला आणि सर्वांना इंग्लंडात न्यावे लागले. तेथे त्यांना घरे मिळाली, कामधंदा मिळाला, विजेचे दिवे मिळाले. पुढल्या वर्षी मत विचारले तेव्हा १४८ जणांनी परत जाण्याचा कौल दिला. राहू म्हणणारे केवळ पाच. १९६३ साली बहुतेक मंडळी आपल्या बटाट्यांच्या शेतांकडे परतली.

आता तीच माणसे आलेल्या प्रवाशांना विणलेले लोकरी कपडे आणि टपालाची तिकिटे विकतात, ती शेते दाखवितात. पण तेथील धक्का लहान आणि समुद्र दांडगा. कित्येकदा लाटांमुळे होडी धक्क्याला लागतच नाही. हजारो मैल आलेला प्रवासी मग धुतलेले जोडे पायांत घालून दिवसभर जहाजाच्या कठड्याशी उभा राहतो, समोरच्या घरांची छपरे पाहतो, आणि संध्याकाळी जहाज नांगर उचलते.