फावडे आणि फळी

गेल्या जानेवारीत मी मिशिगनमध्ये मुलीकडे होतो. परसात गुडघाभर बर्फ पडला होता आणि माझा बारा वर्षांचा नातू त्याची घसरगुंडी बांधीत होता. याच मिशिगनातल्या मस्कीगन गावी १९६५ च्या नाताळात शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थाने दोन स्की एकत्र जोडून आपल्या मुलींना घसरायला फळी करून दिली. त्या घरगुती खेळाची मजल पुढे १९९८ साली नागानोच्या ऑलिंपिकपर्यंत गेली. नातवाला या इतिहासाशी कर्तव्य नव्हते. त्याला हवा होता एक उतार, आणि उताराच्या टोकाशी उडी घेण्यापुरता उंचवटा.

मला वाटले, बर्फाचा ढीग घातला की झाले. छे! ताजा बर्फ म्हणजे बहुतेक हवाच. एक थर टाकायचा, बुटांनी तुडवायचा, फावड्याच्या पाठीने चोपायचा, मग दुसरा थर. थंडी फार कडक असली की तो कोरड्या पिठासारखा भुरभुरतो, मूठ वळत नाही. मग झारीने पाणी शिंपडायचे. शेवटी फावड्याची कड फिरवून सारा उतार सारवलेल्या अंगणासारखा करायचा आणि रात्रभर त्याला बोटसुद्धा लावायचे नाही. दाबलेले कण रात्रीतून एकमेकांना धरतात, घट्ट होतात. पोरगा तीन दिवस राबला. मी खिडकीशी चहा पीत होतो.

तिसऱ्या संध्याकाळी शेजारचा मुलगा फळी घेऊन आला. नातवाने त्याला परत पाठवले. "त्यानं फावडं धरलं नाही," एवढेच मला सांगितले.

मला प्रथम कौतुकच वाटले. कष्टावाचून भोग नाही, हे आपणच ना मुलांना शिकवतो? आणि सगळ्यांनाच मोकळीक दिली, तर उद्या फावडे कोण धरील? पण बर्फ तर कुणीच केला नव्हता, तो आभाळातून फुकट पडला होता. आणि तीन दिवस तो सोहळा बघून मी सुखावलो, त्याचा हिशेब मला कुणी विचारला नव्हता! श्रमाने वस्तू आपली होते, हे खरे. पण आपली झाली म्हणूनच ती दुसऱ्याला देता येते, हेही तितकेच खरे नाही काय?

रात्री मी नातवाला आमच्या वाड्यातल्या दिवाळीच्या किल्ल्याची गोष्ट सांगितली. एका मुलाने माती वाहिली नव्हती, म्हणून आम्ही त्याला एक मावळाही मांडू दिला नाही. त्याची आई अंथरुणाला खिळली होती आणि घरचे पाणी तोच भरी, हे आम्हाला ठाऊक होते. भाऊबीजेपर्यंत तो पायरीवर बसून बघत राहिला.

"मग पुढच्या दिवाळीला घेतलंत त्याला?"

"पुढच्या दिवाळीला ते वाडा सोडून गेले होते."

नातू बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण आजोबा, त्यानं माती वाहिली नव्हती, हे खरंच ना?"

"खरं," मी म्हणालो.